दिल्लीचा मटण कोरमा, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

धाकट्या बहिणीचा परवा सकाळीच फोन आला. मटण ओट्यावर होतं, कांदे सोलून झाले होते आणि तिचा प्रश्न एकच होता, "ताई, कोरम्याला वाटण कशाचं लावू?"

कशाचंच नाही. कोरम्याला वाटण नसतं.

मराठी हाताला ही गोष्ट पटायला जरा वेळ लागतो. खोबरं भाजलं नाही, कोथिंबीर वाटली नाही, टोमॅटो चिरला नाही, मग रस्सा दाट होणार कसा? तळलेल्या कांद्याने, दह्याने आणि परतण्याने. कांदा आणि दही बाजारात मिळतं. परतणं मात्र स्वतःलाच करावं लागतं, आणि पहिल्यांदा करणारे नेमके तिथेच घाई करतात. म्हणून हा लेख बराचसा परतण्याबद्दलच आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच हॉटेलांत 'मुघलाई' म्हणून जे येतं त्यात काजूची पेस्ट, वरून साय आणि जरा साखरेची चव असते. वाईट लागतं असं नाही, पण मी सांगतेय ते ते नव्हे. मी सांगतेय तो जुन्या दिल्लीतला, जामा मशिदीच्या आसपासच्या घरांत आणि लग्नांच्या देगांत शिजणारा कोरमा: तांबूस तपकिरी, दाणेदार, वर तेलाचा तवंग, आणि झाकण उघडल्यावर आधी केवडा येतो आणि मग मटण. नोकरीनिमित्त दिल्लीत दोन वर्षं काढली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आपांकडे बसून मी तो शिकले. शिकले म्हणजे पहिले काही महिने नुसता कांदा चिरून दिला.

'कोरमा' हा शब्द मुळात तुर्की 'कावुरमा'वरून आलेला, आणि त्याचा अर्थ परतलेलं, भाजलेलं असा होतो. म्हणजे कृती नावातच सांगून ठेवली आहे. अकबराच्या मुदपाकखान्याची माहिती 'आईन-ए-अकबरी'त आहे. त्यातल्या मांसाच्या पदार्थांत तूप, कांदा, आलं, मिरी, लवंग, दालचिनी भेटतात, लाल मिरची भेटत नाही. मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात इकडे आले. दिल्लीच्या कोरम्याने पुढे मिरचीला घरात घेतलं, टोमॅटोला मात्र बाहेरच ठेवलं. आपणही ठेवू.

मटण कसं सांगायचं

खाटकाकडे गेल्यावर नुसतं "एक किलो द्या" म्हणू नका. मांडी आणि खांदा निम्मंनिम्मं, दोन-तीन नळ्या आणि थोडा सीना असं सांगा. नुसती मांडी घेतली तर तुकडे देखणे होतात पण रस्सा पोरका लागतो. रश्श्याला जो चिकट, ओठांना लागणारा दाटपणा येतो तो हाडांमधून आणि सांध्यांजवळच्या पांढऱ्या शिरांमधून. मंद आचेवर तासभर राहिल्या की त्या शिरा विरघळून रश्श्यात उतरतात. म्हणूनच बिनहाडाचं मटण कोरम्याला नको.

तुकडे आपल्या रश्श्यापेक्षा मोठे हवेत. किलोत सोळा ते अठरा तुकडे पडले पाहिजेत. लहान तुकडे परतताना सुकतात आणि शेवटी हाडं वेगळी, चोथा वेगळा अशी गत होते.

दिल्लीत हा कोरमा बोकडाचाच. पुण्याकडे ज्यांच्या घरी बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचं मटण लागतं त्यांनीही बिनधास्त करावा. फक्त मेंढीला चरबी जास्त सुटते, त्यामुळे खाली सांगितलेल्या तुपातलं निम्मं कमी करा. परदेशात जे कोवळं मेंढीचं मांस मिळतं ते लवकर शिजतं. पाऊण तासातच तपासायला लागा.

मटण धुऊन चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. ओलं मटण तेलात पडलं की परतत नाही, उकडतं. आणि हो, हळद-मीठ चोळून ठेवायची आपली सवय आज आवरायची. या कोरम्यात हळद नाही.

साहित्य, १ किलो मटणासाठी

- कांदे: अर्धा किलो
- घट्ट, गोडं, साईचं दही: ३०० ग्रॅम
- तेल १५० मिली आणि साजूक तूप २ मोठे चमचे
- आलं आणि लसूण, वेगवेगळं वाटून: प्रत्येकी दीड मोठा चमचा
- धनेपूड: ३ मोठे चमचे
- काश्मिरी लाल मिरचीपूड: दीड मोठा चमचा, आणि तिखट हवं असेल तर आपली रोजची अर्धा चहाचा चमचा
- मीठ: २ चहाचे चमचे, नंतर चवीप्रमाणे
- अख्खा मसाला: हिरवी वेलची ८, मसाला वेलची २, लवंगा ६, मिरी १०-१२, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा, तमालपत्रं २
- शेवटचा सुगंध: हिरवी वेलची ६, जायपत्रीची एक पाकळी, जायफळाचा पाव तुकडा, हे सगळं कोरडं कुटून
- केवडा जल: १ चहाचा चमचा

तेलाचा आकडा वाचून दचकू नका. देगीतल्या कोरम्यापुढे हे काहीच नाही. कांदा तळायला आणि मसाला परतायला एवढं लागतं, नंतर वर आलेलं काढून ठेवता येतं. आधीच कमी घातलं तर मसाला तळाला लागेल आणि तुम्ही पाणी ओतत बसाल.

धनेपूड ताजी हवी. वर्षभर डब्यात पडलेल्या पुडीला भुशाची चव येते, आणि ती इथे लपत नाही, कारण तीन चमचे धने हा या रश्श्याचा पायाच आहे. तयार गरम मसाला, कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला यांतलं काही नको. घरात सगळं आहे म्हणून घालायचा मोह होतो, ठाऊक आहे.

कांदा तळणं

कांदा उन्हाळ असेल तर उत्तम. पावसाळ्यानंतर येणारा नवा लाल कांदा पाणीदार असतो. तो कुरकुरीत व्हायला वेळ घेतो आणि मऊच राहतो. उभा, पातळ आणि मुख्य म्हणजे एकसारखा चिरा. एक फोड जाड आणि एक कागदासारखी असेल तर पातळ जळेपर्यंत जाड कच्चीच राहते. चिरलेला कांदा पाकळ्या सुट्ट्या करून पंचावर पंधरा मिनिटं पसरा.

जाड बुडाच्या पातेल्यात सगळं तेल तापवा, तूप नंतर. कांदा घाला, मध्यम आच ठेवा. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, नुसती वाफ निघत राहते. मग कडा पिवळ्या होतात आणि इथून पुढे पातेल्यापासून हलायचं नाही, कारण शेवटचा रंग दोन-तीन मिनिटांत बदलतो. मधासारखा रंग आला की झाऱ्याने बाहेर. तुम्हाला वाटेल अजून थोडा व्हायला हवा, पण बाहेर काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने आणखी दोन छटा गडद होतो. हवा तेवढा तांबूस होईपर्यंत तेलात ठेवलात तर ताटात काळा मिळेल.

मोठ्या थाळीत कागदावर पातळ पसरा. ढीग केला की वाफ धरून मऊ पडतो. अर्धा किलो कांद्याची जेमतेम ओंजळ उरते, घाबरू नका.

काळा झालेला कांदा चालवून घ्यायचा प्रयत्न मी एकदा केला आहे. फोन घ्यायला बाहेर गेले, परत आले तोवर एक तृतीयांश कांदा कोळशाच्या रंगाचा. निवडून टाकू म्हटलं. अख्खं पातेलं कडू झालं, आणि त्या कडूपणाला दही, तूप, साखर कशाचीही मात्रा लागू पडली नाही. कांदा जळला तर कांदा टाका, तेल टाका आणि नव्याने सुरू करा. किलोभर मटणापेक्षा ते स्वस्त पडतं.

कांदा थंड होऊन कुरकुरीत झाला की हाताने चुरायचा. मिक्सरमध्ये नाही. मिक्सरने गुळगुळीत लगदा होतो आणि रस्सा सॉससारखा दिसतो. दिल्लीवाले ज्याला 'दानेदार' म्हणतात, ते दाणे या हाताने चुरलेल्या कांद्याचेच.

दही

दही फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढा. त्यात धनेपूड आणि मिरचीपूड घालून एकजीव होईपर्यंत फेटा. पुडी थेट गरम तेलात टाकण्यापेक्षा हे सोपं, कारण नवख्या हाताने मिरची जळण्याची भीती राहत नाही.

दही फुटतं ते तीन कारणांनी: फार आंबट असतं, फार गार असतं किंवा एकदम मोठ्या आचेवर पडतं. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आले की दह्यातली प्रथिनं आकसून गोळा होतात आणि पाणी वेगळं होतं. साय काढलेल्या दह्यात हे लवकर होतं. तुमच्याकडे तसलंच दही असेल तर फेटताना एक चमचा बेसन घाला. आपा बघत असत्या तर मी हे लिहिलं नसतं.

परतणं, म्हणजे खरा कोरमा

कांदा तळलेलं तेल पातेल्यात आहेच. त्यात तूप घाला, अख्खा मसाला टाका, वेलची फुगली की लगेच मटण. आच मोठी. पाच-सहा मिनिटं हलवत राहा, तुकड्यांचा लाल रंग जाऊन बाहेरून पांढुरके झाले पाहिजेत. मग लसूण, मिनिटभराने आलं. कच्चा वास जाईपर्यंत चार मिनिटं परता. मीठ घाला.

आता आच अगदी बारीक करा आणि मिनिटभर थांबा. पातेलं जरा निवू द्या. दही एक-एक डाव घाला आणि प्रत्येक डावानंतर हलवून ते मिसळू द्या. सगळं दही आत गेलं की आच मध्यम.

पुढची दहा मिनिटं फार वाईट दिसतात. मटणाचं पाणी सुटतं, दह्याचं पाणी सुटतं, पातेल्यात गुलाबीसर पातळ काहीतरी खदखदत असतं आणि आपलं चुकलं अशी खात्री वाटते. चुकलेलं नाही. बहिणीचा दुसरा फोन याच वेळी आला होता. झाकण न ठेवता ते पाणी आटू द्या, अधूनमधून तळापासून हलवा.

इथे घड्याळापेक्षा कानांवर विश्वास ठेवा. पाणी असतं तोवर आवाज खदखद येतो. ते आटत आलं की आवाज बदलतो, बारीक चरचर सुरू होते. म्हणजे आता मसाला पाण्यात उकळत नाही, तेलात तळला जातोय. रंगही विटकरीकडे झुकतो, मसाला तुकड्यांना लगडतो आणि पातेल्याच्या कडेने तेल दिसू लागतं. साधारण वीस मिनिटं लागतात, दही पातळ असेल तर जास्त.

बहुतेक जण इथे थांबतात. थांबायचं नाही. गरम पाण्याचा एक हबका मारा, तळाला धरलेलं सगळं खरवडून मसाल्यात घ्या, पुन्हा चरचर येईपर्यंत परता. मग आणखी एकदा. या दोन-तीन फेऱ्यांमध्ये धन्याचा कच्चेपणा जातो आणि दह्याचा आंबटपणा वेगळा न राहता चवीत मुरतो. याला तिकडे 'भुनाई' म्हणतात. माझ्या मोजणीने दही घातल्यापासून भुनाई संपेपर्यंत पस्तीस ते चाळीस मिनिटं. आपा मात्र मोजत नसत. त्या चमच्यावर थोडा मसाला घेऊन नाकाशी नेत आणि नुसती मान हलवत, होकाराची किंवा नकाराची. पहिल्या वर्षी नकाराचीच जास्त.

शिजवणं

अडीच वाट्या कडकडीत पाणी घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि पुन्हा आच लागायला वेळ जातो. एक उकळी आली की आच अगदी मंद करा, घट्ट झाकण लावा. बोकडाच्या मटणाला सव्वा तास धरा. दर वीस मिनिटांनी तळ हलवून या.

कुकरचं काय? करा, त्यात पाप नाही. परतणं सगळं उघड्यावर करून मग फक्त दीड वाटी पाणी घाला, एक शिटी मोठ्या आचेवर आणि पुढे दहा-बारा मिनिटं बारीक आचेवर. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्या मोजत सहा-सात काढल्या तर मटण हाडावरून गळून पडेल. कोरम्यातला तुकडा बोटाने तुटावा, पण ताटात येईपर्यंत अख्खा राहावा.

मटण बारा आणे शिजलं की चुरलेला कांदा घाला. काही घरांत तो दह्यातच मिसळतात. तसं केलं तर रस्सा जास्त गडद होतो पण कांदा पार विरघळतो. मला दाणे हवे असतात म्हणून मी उशिरा घालते. कांदा गेल्यावर रस्सा झपाट्याने दाट होतो, तेव्हा तळाकडे लक्ष द्या. मीठ आत्ता चाखा, आधी नको, कारण आटताना ते वाढत जातं.

दम आणि केवडा

मटण शिजल्यावर कुटलेली वेलची, जायपत्री आणि जायफळ वरून भुरभुरा. जायफळ जास्त झालं तर पुरणपोळी आठवते, म्हणून पाव तुकडा म्हणजे पावच. मग केवडा जल, एक चमचा. दोन चमचे घातले तर जेवणाऱ्यांना अत्तराची बाटली फुटल्यासारखं वाटेल. आपल्याकडे केवडा वेणीत माळतात, पातेल्यात घालायची कल्पना पहिल्यांदा मलाही झेपली नव्हती. ओडिशातला गंजाम जिल्हा या केवड्यासाठी प्रसिद्ध आहे. किराणा दुकानात घेताना चिठ्ठी वाचा. गोड सरबतवजा काहीतरी त्याच नावाने मिळतं, ते नको. चांगलं मिळालं नाही तर सरळ वगळा, गुलाबपाणी ओतून भरपाई करू नका.

जाड तवा तापवा, त्यावर पातेलं ठेवा, झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावा किंवा वर जड खलबत्ता ठेवा. सर्वांत मंद आचेवर पंधरा मिनिटं. आच बंद केल्यावर आणखी अर्धा तास उघडू नका. या अर्ध्या तासात तेल वर येतं. त्यातलं दोन डाव बाजूला काढून ठेवा आणि वाढताना प्रत्येक वाटीवर चमचाभर सोडा. उरलेलं तेल ज्यांना नको असेल त्यांनी काढून टाकावं, पण आत्ता, आधी नाही.

बिघडलं तर

दही फुटून कण दिसायला लागले तर घाबरून पाणी ओतू नका. आच थोडी वाढवा आणि परतत राहा. भुनाई नीट झाली तर कण मसाल्यात जिरतात, आणि कांदा घातल्यावर कुणाला शोधूनही सापडत नाहीत. रस्सा पातळ राहिला तर मटणाचे तुकडे बाहेर काढून नुसता रस्सा आटवा, तुकड्यांसकट आटवलं तर ते तुटतात. फार आंबट लागत असेल तर बहुधा परतणं कमी पडलंय. चमचाभर तूप घालून झाकणाशिवाय आणखी शिजू द्या. मटण चिवट राहिलं असेल तर त्याला फक्त वेळ हवा आहे, अर्धी वाटी गरम पाणी घालून पुन्हा झाकण. तेल सुटतच नाही अशी तक्रार असेल तर तेल मोजून किती घातलं होतं ते स्वतःला खरं सांगा.

कशाबरोबर

दिल्लीत खमिरी रोटी किंवा शीरमाल. १९१३ पासून गली कबाबियानमध्ये असलेल्या 'करीम्स'मध्ये आजही लोक तंदूरची रोटी तोडून रस्सा पुसून घेताना दिसतात. घरी तंदूर नसतो, म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलातून तंदुरी रोट्या आणा, नाहीतर जाडसर, तूप न लावलेली पोळी करा. लादीपावही छान जातो. भाकरी मला तरी इथे पटत नाही. भाकरीला कुस्करून भिजवायला पातळ रस्सा लागतो, आणि कोरमा तेवढा पातळ नसतो, नसावा. त्या चालीचा मुघलाई रस्सा हवा असेल तर छत्रपती संभाजीनगरची नान-कलिया आपल्याच मुलखात आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादेला राजधानी हलवली तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर ती आली असं तिकडे सांगतात. कलिया कोरम्यापेक्षा पातळ असते, आणि तिच्यात हळद चालते.

भात हवाच असेल तर मोकळा, लांब दाण्याचा. सोबत कच्चा कांदा, लिंबू, पुदिना. कोशिंबीर दह्याची नको, दही पोटात आधीच पुरेसं गेलेलं असतं. आणि शक्य असेल तर आदल्या रात्री करा. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम केलेला कोरमा पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो, फक्त केवड्याचे चार थेंब नव्याने घाला.

बहिणीने त्या दिवशी दुपारी अडीच वाजता फोटो पाठवला. रंग बरोबर, तवंग बरोबर, दाणे दिसत होते, तुकडे अख्खे. वर मूठभर कोथिंबीर.